डीव्हीआरच्या पोटातला पुरावा : जालन्याच्या खटल्यापासून मिरकरवाड्याच्या ड्रोनपर्यंत

मंडळी, पोस्ट लांबली आहे. पण विषय आपल्या जेटीवर येऊन थांबतो, त्यामुळे वेळ काढून वाचा.

९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या किनाऱ्यावर मासेमारी बोटींवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात झाली. शिरगाव, उत्तन, गोराई, ससून डॉक, रेवदंडा, श्रीवर्धन, मिरकरवाडा, साखरीनाटे आणि देवगड अशी नऊ ठिकाणं ठरली. त्यातली दोन आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली. अनधिकृत पर्ससीन, एलईडी, परप्रांतीय ट्रॉलर पकडायला हा ड्रोन, आणि त्याने टिपलेलं चित्रण हाच पुरावा, असं सरकारचं म्हणणं.

ड्रोन नको असं मी म्हणत नाही. एलईडी लावून मासेमारी करायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. त्यानंतरही रात्री समुद्रात दिवाळी दिसायची हे इथल्या कुठल्याही गिलनेटवाल्याला विचारा. गस्तीनौका पोचेपर्यंत दिवे बंद, जाळी आत, आणि तांडेल हात जोडून उभा. डोळ्यांनी पाहिलेलं सिद्ध करता येत नव्हतं, म्हणून तर कॅमेरा आला.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. टिपलेलं चित्रण साठवलं कुठे जातं, किती दिवस राहतं, आणि ज्या बोटमालकावर कारवाई होईल त्याला ते स्वतःच्या कॉम्प्युटरवर लावून बघता येईल का? प्रश्न साधा वाटतो. पण याच प्रश्नावर या राज्यातली एक आमदारकी गेलेली आहे, आणि सुप्रीम कोर्टाला चार-पाच वेळा आपलंच म्हणणं दुरुस्त करावं लागलेलं आहे. तो इतिहास आज सांगतो.

सीसीटीव्हीचा जन्म चोर पकडायला झालेला नाही. १९४२ मध्ये जर्मनीत पेनम्युंडे इथे व्ही-२ रॉकेटचं उड्डाण लांबून, सुरक्षित अंतरावरून बघता यावं म्हणून वॉल्टर ब्रुख या इंजिनिअरने तो उभा केला. (याच ब्रुखने पुढे पाल ही रंगीत टीव्हीची पद्धत काढली. १९८२ च्या एशियाडपासून आपण दूरदर्शन रंगीत बघितलं ते त्याच पद्धतीने.) त्या पहिल्या कॅमेऱ्यात साठवणूक नव्हतीच. इकडे घडतंय ते तिकडे पडद्यावर दिसलं, की संपलं. बघणाऱ्याने डोळा मिटला तर गेलं. म्हणजे सुरुवातीचा सीसीटीव्ही हा वॉचमन होता, साक्षीदार नव्हता.

साक्षीदार झाला तो टेपमुळे. व्हीएचएस कॅसेट १९७६ मध्ये आली. ज्यांनी व्हिडिओ पार्लरचा काळ पाहिलाय त्यांना आठवेल, तीन तासांची कॅसेट असायची. बँकेला किंवा सोनाराला मात्र चोवीस तास नोंदवायचे. म्हणून टाइम-लॅप्स रेकॉर्डर आले. सेकंदाला पंचवीस चित्रं घ्यायच्या ऐवजी तीन घ्यायची, की तीच कॅसेट दिवसभर पुरते. त्यामुळे जुन्या चित्रणातली माणसं उड्या मारत चालल्यासारखी दिसतात. त्यात कॅसेट पुन्हापुन्हा वापरली जायची, महिन्याभरात चित्र पुसट व्हायचं, आणि दरोड्याच्या दिवशीची कॅसेट लावली तर पडद्यावर नुसता पाऊस. पण त्या कॅसेटचा एक गुण होता. ती कुठल्याही व्हीसीआरमध्ये चालायची. पोलीस ठाण्यात नसला तर शेजारच्या घरातून व्हीसीआर आणता यायचा. डिजिटल जमाना आला आणि नेमका हाच गुण गेला.

डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र दाबून लहान करून हार्डडिस्कवर ठेवणारा डबा. चित्र दाबायची एच.२६४ ही पद्धत २००३ मध्ये ठरली, तिच्यामुळे हे डबे परवडायला लागले. आज आपल्याकडे मासळीच्या काट्यापासून बर्फाच्या कारखान्यापर्यंत सगळीकडे हा डबा दिसतो. तो किती दिवसांचं साठवतो हे फार कमी मालकांना माहीत असतं. हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने नोंदवत असेल तर दिवसाला साधारण साडेएकवीस जीबी होतात. चार कॅमेरे म्हणजे शहाऐंशी जीबी. एक टीबीची डिस्क असेल तर अकरा-बारा दिवस. त्यानंतर डबा स्वतःच जुनं खोडून त्यावर नवं लिहितो, कुणाला विचारत नाही. दोन आठवड्यांनी तक्रार घेऊन गेलात तर डब्यात काही नसतं, आणि लोक म्हणतात मालकाने डिलीट केलं. बरेचदा त्याने काहीच केलेलं नसतं. तेच तर झालेलं असतं.

दुसरी भानगड फाईलची. व्हीसीआरची कॅसेट सगळीकडे चालायची, पण डीव्हीआरच्या कंपन्यांनी आपापली भाषा ठेवली. पेनड्राइव्ह लावून बॅकअप घेतला की कुणाची फाईल डॉट डीएव्ही येते, कुणाची डॉट २६४, आणि काहींची नावाला एमपीफोर पण साध्या प्लेयरला न उघडणारी. कंपनीचा प्लेयर लागतो. तो कधी पेनड्राइव्हवर सोबत येतो, कधी नाही. व्हीएलसी नावाचा फुकट प्लेयर (पॅरिसच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी कॉलेजात सुरू केला, २००१ मध्ये सगळ्यांना खुला झाला) यातल्या बऱ्याच फाईली ओढूनताणून चालवतो. पण वेळेचा पट्टा बिघडतो, मागे-पुढे करता येत नाही, आणि कोर्टात तर वेळेलाच किंमत असते.

कुणी म्हणतं हार्डडिस्कच काढून कॉम्प्युटरला लावू. हे कृपा करून करू नका. डीव्हीआरची डिस्क मांडणी वेगळी असते, विंडोजला ती कळत नाही, आणि ते विचारतं, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ घाईत ‘हो’ दाबलेले लोक मला ठाऊक आहेत. एका बोटमालकाच्या इंजिनाचा सुटा भाग जेटीवरून गेला होता. शेजारच्या गाळ्यातल्या कॅमेऱ्यात चोर स्पष्ट होता म्हणे. भाच्याने डिस्क घरी नेऊन लावली आणि ‘हो’ दाबलं. पुढे काय झालं ते सांगत नाही.

मग आपण काय करतो? डीव्हीआरच्या पडद्यासमोर मोबाइल धरतो, शूटिंग करतो आणि व्हॉट्सॲपवर टाकतो. ‘फुटेज व्हायरल’ म्हणून आम्ही पत्रकार जे दाखवतो त्यातलं निम्मं हेच असतं. बातमीला चालतं. खटल्याला चालवायचं तर फार कष्ट पडतात, कारण ते चित्रणाचं चित्रण, आणि व्हॉट्सॲप त्याला आणखी दाबतं.

आता कोर्टाकडे येऊ.

आपला पुरावा कायदा १८७२ चा. त्यात कॉम्प्युटर असायचं कारण नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायदा आला तेव्हा, ऑक्टोबर २००० पासून, त्यात ६५-ब हे कलम घातलं गेलं. कॉम्प्युटरमधून काढलेली प्रत पुरावा म्हणून चालेल, पण ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने सहीचं प्रमाणपत्र द्यायचं, असा त्याचा गाभा. २००५ मध्ये संसद हल्ल्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, प्रमाणपत्र नसलं तरी इतर मार्गाने सिद्ध करता येईल. सप्टेंबर २०१४ मध्ये केरळच्या अन्वर खटल्यात तेच कोर्ट म्हणालं, नाही, प्रमाणपत्र हवंच. जानेवारी २०१८ मध्ये दोन न्यायमूर्ती म्हणाले, यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याने प्रमाणपत्र आणायचं कुठून, त्याला सूट द्या. खालच्या कोर्टांनी कुणाचं ऐकायचं?

हा गुंता सुटला तो आपल्या जालन्यामुळे. २०१४ ची विधानसभा. जालना मतदारसंघात शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल हायकोर्टात गेले, एक मतदारही वेगळी याचिका घेऊन गेला. तक्रार मतमोजणीची नव्हती, अर्जाच्या वेळेची होती. उमेदवारी अर्ज भरायची शेवटची मुदत २७ सप्टेंबर २०१४, दुपारी तीन. खोतकरांचे अर्ज तीननंतर घेतले गेले, असं याचिकेत म्हटलं होतं. कागदोपत्री सगळं वेळेत दाखवलेलं. पण निवडणूक आयोगाच्याच सूचनेप्रमाणे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते.

कागद एक सांगतोय आणि कॅमेरा दुसरंच. मग चित्रण बघूया, विषय संपला! असं आपल्याला वाटतं. संपला नाही. हायकोर्टाने आदेश दिला तेव्हा चित्रणाच्या व्हीसीडी कोर्टात आल्या. मूळ यंत्र आलं नाही. याचिकाकर्त्यांनी अधिकाऱ्यांकडे प्रमाणपत्र मागितलं, पुन्हा मागितलं, ते मिळालंच नाही. म्हणजे चित्रण सरकारी, ताबा सरकारी, आणि चित्रण खरं आहे एवढं लिहून द्यायला सरकारी माणूस तयार नाही. शेवटी निर्णय अधिकारी साक्षीला आल्या. उलटतपासणीत त्यांच्याकडूनच चित्रीकरण कसं झालं, कुणी केलं, सीडी कशा जमा झाल्या हे वदवून घेतलं गेलं. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते पुरेसं मानलं आणि २४ नोव्हेंबर २०१७ ला खोतकरांची निवड रद्द केली. लगेच सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली.

सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला १४ जुलै २०२०. न्यायमूर्ती नरिमन, रवींद्र भट आणि रामसुब्रमण्यन यांनी तीन गोष्टी सांगितल्या. प्रत दाखवायची तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीने भागणार नाही, २०१८ चा निर्णय चूक. पण ज्याने मागून मागून प्रमाणपत्र मिळालं नाही, ज्याने शक्य ते सगळं केलं, त्याच्यावर त्याची शिक्षा नको. तिसरी गोष्ट तुमच्या-माझ्यासाठी फार महत्त्वाची. मूळ यंत्रच कोर्टात आणलं, मग तो लॅपटॉप असो की मोबाइल, आणि मालकाने उभं राहून ‘हे माझं, यावर हे नोंदवलं’ असं सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. जालन्यात व्हीसीडीशिवायही इतर पुरावा होता, त्यामुळे हायकोर्टाचा निकाल कायम राहिला.

पण तारीख बघा. २०१४ ची विधानसभा २०१९ मध्येच संपली होती. त्या निवडणुकीत गोरंट्याल निवडूनही आले होते. एक सीडी कोर्टात पुरावा म्हणून उभी करायला आमदारकीची पूर्ण मुदत लागली.

माझ्या मते या खटल्याचं खरं शिकवणारं पान प्रमाणपत्राचं नाही, ताब्याचं आहे. चित्रण ज्याच्या ताब्यात, किल्ली त्याच्याकडे. तो देणार नसेल तर कॅमेरा असून नसल्यासारखा. याच्या उलट बाजूचा खटला वाराणसीचा. २०१० मध्ये एका हॉटेलात इटलीचा पर्यटक मेला, सोबतच्या दोघांना खुनाबद्दल जन्मठेप झाली. हॉटेलात सीसीटीव्ही होता. तपास अधिकारी म्हणाला, मी फुटेज बघितलं, त्यात काही नव्हतं. मग ते कोर्टात का आणलं नाही? जानेवारी २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सगळ्यात चांगला पुरावा हाताशी असून दडवला, तर तो तुमच्याविरुद्ध जाईल असंच धरायचं. दोघे सुटले. ‘मी बघितलंय, तुम्ही बघायची गरज नाही’ हे उत्तर चालणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

दडवण्याचे प्रकार आपल्याकडेही ऐकले. मार्च २०२१ मध्ये अँटिलिया प्रकरणात एनआयएने मुंबईच्या मिठी नदीत पाणबुडे उतरवले, आणि गाळातून डीव्हीआर, हार्डडिस्क, गाडीच्या नंबरप्लेट वर आल्या. तेव्हाचे पोलीस अधिकारी सचिन वाझे यांच्यावर पुरावा नष्ट केल्याचा आरोप आहे, तो सिद्ध व्हायचा की नाही ते कोर्ट ठरवेल. आपण एवढंच बघायचं की पुरावा बुडवायचा तर आता माणूस डबाच बुडवतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेचं प्रकरण झालं तेव्हा पंधरा दिवसांचं फुटेज गायब असल्याचं खुद्द शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. त्यानंतर सगळ्या शाळांना कॅमेरे लावायचा आदेश निघाला. कॅमेरे लावणं सोपं असतं, निविदा निघते, फीत कापता येते. महिन्याने चित्रण सापडलं पाहिजे, याची फीत कुणी कापत नाही.

किनाऱ्याचं बोलायचं तर आपली पाळत वाढली ती मारामुळेच. १९९३ च्या सुरुवातीला शेखाडी-दिघीला स्फोटकं उतरली तेव्हा किनाऱ्यावर कॅमेरा कुठे होता? २००८ मध्ये ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट पळवून अतिरेकी मुंबईत आले. सीएसएमटीचं (तेव्हा सीएसटी) चित्रण खटल्यात आलं, पण त्याइतकेच उपयोगी पडले वृत्तपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून काढलेले फोटो. त्यानंतर राम प्रधान समिती बसली, मुंबईत कॅमेऱ्यांची शिफारस झाली, आणि सुमारे ४,७०० कॅमेऱ्यांचं जाळं पूर्ण व्हायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला. आपल्या वाट्याला खलाशांची ओळखपत्रं आणि सागरी पोलीस ठाणी आली.

आता दिवसांचा मुद्दा. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले, आवाजासह, आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान वर्षभर ठेवा असं बजावलं. दुसऱ्या टोकाला निवडणूक. २० डिसेंबर २०२४ ला निवडणुकीच्या नियम ९३ मध्ये दुरुस्ती होऊन सीसीटीव्ही चित्रण सर्वसामान्यांच्या पाहणीतून बाहेर गेलं. ३० मे २०२५ ला आयोगाने राज्यांना कळवलं, निकालापासून ४५ दिवसांत याचिका आली नाही तर चित्रण नष्ट करा. आधी टप्प्यानुसार तीन महिने ते वर्षभर ठेवायची सूचना होती. आयोगाचं कारण असं की तुकडे काढून समाजमाध्यमांवर गैरवापर होतो, मतदाराची गोपनीयता जाते. कारण अगदीच खोटं नाही. ४५ दिवस ही याचिकेचीच कायदेशीर मुदत, हेही खरं. पण चित्रण न बघता याचिका करायची कशाच्या जोरावर? जालन्यातल्या खोलीत किती वाजले होते हे ज्याला आधीच माहीत आहे, तोच वेळेत कोर्टात जाणार. मला हे पटत नाही, कुठलाही पक्ष सत्तेवर असो.

१ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. ६५-ब गेलं, कलम ६३ आलं. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि फाईलची हॅश किंमत लिहायची. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाईलीतलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. म्हणूनच डीव्हीआरची फाईल एमपीफोर करून दिली तर ती बघायला बरी, पण ठसा वेगळा. मूळ फाईल, तिचा प्लेयर आणि ठसा, तिन्ही सोबत हवेत. आरोपीला अशी प्रत मिळायला हवी हेही नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या खटल्यात स्पष्ट केलंय. अपवाद फक्त पीडितेच्या खासगीपणासारखा, तिथे प्रत न देता दाखवायची.

आता मिरकरवाडा. सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये कडक झाला, दंड लाखांत गेले. आधी अशी प्रकरणं तहसीलदारांपुढे चालायची, दुरुस्तीनंतर ती मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यापुढे चालतात. म्हणजे ड्रोन खात्याचा, चित्रण खात्याकडे, आणि निवाडाही खात्यातच. यात कुणी बेइमान आहे असं मी म्हणत नाही. पण वरून घेतलेल्या चित्रात बोटीचा क्रमांक दिसला का, ती बारा सागरी मैलांच्या आत होती की बाहेर, जाळं पर्ससीनचं की दुसरं, घड्याळ बरोबर होतं का, हे प्रश्न बोटमालक विचारणारच. त्याची उत्तरं कार्यालयात एकदा पडद्यावर दाखवून देता येत नाहीत. जानेवारी २०२५ च्या शेवटी बंदरातली अतिक्रमणं पाडली गेली, त्यानंतर खात्यावरचा इथला विश्वास किती उरलाय ते सांगायला नको. तिथे मोकळेपणा जितका जास्त, तितका खऱ्या एलईडीवाल्याला सुटायला वाव कमी.

आणि ड्रोनवर खूश असलेल्या आमच्या गिलनेटवाल्या मित्रांनाही सांगतो. हा नियम तुमच्याही कामाचा आहे. उद्या तुमच्या जाळ्यावरून ट्रॉलर गेला आणि ड्रोनने तो टिपला, तर नुकसानभरपाई मागायला तेच चित्रण लागेल. लेखी अर्ज त्याच आठवड्यात द्या, तारीख आणि अंदाजे वेळ लिहा, ‘हे चित्रण जपून ठेवावे’ असं स्पष्ट शब्दांत मागा, आणि पोच घ्या. जेटीवरच्या गाळ्यातला कॅमेरा असेल तर दोन दिवसांतच जा. फाईलसोबत त्या कंपनीचा प्लेयरही पेनड्राइव्हवर घ्या. डीव्हीआरच्या घड्याळाचा आणि मोबाइलच्या घड्याळाचा एकत्र फोटो काढा, कारण हे डबे दहा-पंधरा मिनिटं मागेपुढे असतात आणि वकील पहिला घाव तिथेच घालतो. डबा गाळेवाल्याकडेच राहू दे, फक्त त्याला सांगा की निकाल लागेपर्यंत डिस्क बदलू नको, विकू नको.

ज्यांना ड्रोनच्या चित्रणावरून नोटीस आली असेल त्यांनी तिची प्रत मला इनबॉक्सवर पाठवा. बोटीचं नाव झाकलंत तरी चालेल. त्यात चित्रणाची तारीख-वेळ, फाईलचं नाव आणि हॅश लिहिलाय का, आणि प्रत कुठे मिळेल ते सांगितलंय का, एवढंच बघायचंय.